छोटा डेस्कटॉप घेताना: विंडोज, मॅक की लिनक्स?

टेबलाखाली उभा असलेला संगणकाचा कॅबिनेट दोन खोल्यांच्या घरात पाय पसरू देत नाही, केर काढताना दर वेळी सरकवावा लागतो आणि पावसाळ्यात भिंतीची ओल धरून बसतो. मुंबईतल्या घरांत आणि छोट्या कार्यालयांत तो काढून त्याजागी डब्याएवढा डेस्कटॉप घ्यावा असा विचार सध्या अनेक जण करतात, आणि त्यामागे केवळ जागेची टंचाई नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, अथवा त्या तोडीचा एएमडीचा प्रोसेसर, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले, अजून व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक अधिकृत अद्यतनांच्या यादीतून एका दिवसात बाहेर पडले. नवे यंत्र घ्यायचेच आहे, तर मग लहान का घेऊ नये, असा हा हिशेब आहे.

दुकानात गेल्यावर मात्र एकाच काउंटरवर तीन निरनिराळ्या गोष्टी समोर येतात: ॲपलचा मॅक मिनी, विंडोज घालून आलेला एखादा मिनी पीसी, आणि कंपन्यांच्या कार्यालयांतून आलेला, झाडूनपुसून विकायला ठेवलेला एक लिटर आकारमानाचा जुना डबा. विक्रेता वेग, कोअर आणि जीबी सांगतो, घरातला कॉलेजकुमार चौथेच नाव सुचवतो आणि चर्चा ‘यातला चांगला कोणता’ या प्रश्नावर अडकते. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आपले कोणते काम एकाच कार्यप्रणालीला, म्हणजे विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांपैकी एकीलाच, बांधलेले आहे, हे आधी शोधावे लागते. तसे काही निघाले तर निवड तिथेच संपते, आणि नसले तरच किंमत, आयुष्य आणि आवडनिवड यांचा विचार करण्यात अर्थ आहे.

हा डबा म्हणजे नेमके काय

पहिला मॅक मिनी २००५ साली आला. इंटेलने २०१२-१३ च्या सुमारास एनयूसी नावाचे, साधारण दहा सेंटिमीटर बाजूचे चौकोनी संगणक आणले आणि तेव्हापासून विंडोजच्या बाजूलाही हा आकार रूढ झाला. इंटेलने २०२३ मध्ये तो व्यवसाय सोडला आणि एनयूसी पुढे चालवण्याचे काम असुसने घेतले. दरम्यान लेनोवोचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’ आणि एचपीचे ‘मिनी’ असे सुमारे एक लिटर आकारमानाचे डेस्कटॉप बँका आणि मोठ्या कार्यालयांनी गठ्ठ्याने घेतले होते. बँकेत खिडकीपलीकडच्या मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेली काळी पेटी आपण पाहिलेली असते, ती यांपैकीच एक. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, तेव्हा त्या यादीत अतिलहान आकाराच्या संगणकांचाही स्वतंत्र उल्लेख होता, एवढा हा प्रकार आता प्रस्थापित आहे.

तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर यांतले बहुतेक संगणक म्हणजे पडदा, कळफलक आणि बॅटरी काढून घेतलेला लॅपटॉपच असतो. याचे दोन परिणाम खरेदीआधी लक्षात घ्यावे लागतात. एक, बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की काम जाते, म्हणजे यूपीएस हवाच. दोन, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा आणि बहुधा माइकही वेगळा घ्यावा लागतो. मॅक मिनीत कामचलाऊ स्पीकर असतो, पण माइक नसतो, आणि बऱ्याच मिनी पीसींत दोन्ही नसतात. जुन्या कॅबिनेटचा मॉनिटर चांगला असेल तर हा खर्च वाचतो, मात्र त्याला एचडीएमआय आहे की फक्त निळ्या रंगाचा जुना व्हीजीए, हे घरी असतानाच पाहून घ्यावे. व्हीजीए असेल तर लहानसे ॲडॉप्टर लागते.

अडकलेले काम कसे ओळखायचे

कोणताही प्रोग्रॅम थेट यंत्राशी बोलत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे, प्रिंटरला कागद पाठवणे ही कामे तो कार्यप्रणालीकडे सोपवतो, आणि विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिघांची ही कामे मागण्याची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मॅकवर आपोआप चालत नाही. त्याखाली आणखी एक थर असतो, तो म्हणजे प्रोसेसरची स्वतःची भाषा. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एक भाषा बोलतात, तर ॲपलने २०२० पासून वापरलेल्या एम मालिकेच्या चिपा आर्म नावाच्या दुसऱ्या कुळातल्या आहेत. इंटेलच्या काळातल्या मॅकवर विंडोज थेट बसवता येत असे, आताच्या मॅकवर ती सोय नाही. पॅरलल्ससारखा प्रोग्रॅम विकत घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवता येते, पण ते आर्मसाठीचे विंडोज असते. साधे प्रोग्रॅम त्यात भाषांतर होऊन बरे चालतात, पण एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम, मात्र असा भाषांतरित होत नाही. तो त्या प्रोसेसरसाठीच लिहिलेला असावा लागतो, आणि गाडी नेमकी इथेच अडते.

याचे मुंबईतले सर्वांत सरळ उदाहरण म्हणजे डिजिटल सहीचे, पेनड्राइव्हसारखे दिसणारे यूएसबी टोकन. दादरमधल्या एखाद्या कर सल्लागाराच्या टेबलावर अशा टोकनांचा जुडगा असतो, प्रत्येकाला अशिलाच्या नावाची चिठ्ठी लावलेली. कंपनीचे जीएसटी विवरणपत्र असो, कंपनी मंत्रालयाचा अर्ज असो वा लेखापरीक्षण अहवाल असो, सही करायच्या क्षणी ब्राउझर त्या टोकनाशी थेट बोलू शकत नाही. पोर्टलने दिलेला सहीचा एक छोटा प्रोग्रॅम संगणकावर बसवलेला असतो, ब्राउझर त्याला सांगतो, तो प्रोग्रॅम टोकनाच्या ड्रायव्हरला सांगतो आणि ड्रायव्हर टोकनाकडून पिन मागून सही करून आणतो. या साखळीतली प्रत्येक कडी आपल्या कार्यप्रणालीसाठी उपलब्ध असावी लागते, आणि एक जरी नसली तरी पडद्यावर ‘टोकन सापडले नाही’ एवढाच संदेश येतो. काही टोकनांचे मॅक आणि लिनक्ससाठीही ड्रायव्हर आहेत, पण आठ अशिलांची आठ निरनिराळी टोकने वापरणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये. हिशेब ठेवण्याचे टॅलीप्राइमही मुळात विंडोजचाच प्रोग्रॅम आहे. टॅली आणि टोकन ही जोडी ज्या कार्यालयात रोज चालते, तिथे विंडोज आणि तेही इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरचे विंडोज घ्यावे. विंडोज आहे पण प्रोसेसर आर्मचा आहे, असेही संगणक आता मिळतात, आणि त्यांच्यातही ड्रायव्हरची हीच अडचण उभी राहते.

याउलट पगारदार माणसाला यातले काहीच लागत नाही. आपले प्राप्तिकर विवरणपत्र आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने पडताळता येते, तेही कोणत्याही ब्राउझरमधून. एकट्या मालकीच्या दुकानालाही जीएसटी विवरणपत्र ओटीपीने भरता येते, डिजिटल सहीची सक्ती कंपन्यांना आणि एलएलपींना (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांना) आहे. त्यामुळे ‘सरकारी कामाला विंडोजच लागते’ हे सरसकट विधान खरे नाही, ते कोणाचे सरकारी काम आहे यावर ठरते.

दुसरा खुंटा मराठी टंकाचा आहे, आणि तो आपल्या भाषेच्या लोकांना जास्त जाणवतो. गिरगावात खाडिलकर रस्त्यावर लग्नपत्रिकांची दुकाने आहेत. पत्रिका जुळवणाऱ्या अशा ठिकाणी संगणकात वर्षानुवर्षांचा मजकूर साठलेला असतो आणि तो बहुतेक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असतो, फक्त फॉन्ट त्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून युनिकोड मजकूर तिन्ही प्रणालींवर आणि मोबाइलवरही सारखाच वाचता येतो. ज्याचा सगळा साठा जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि ज्याच्याकडे श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या पॅकेजची विंडोजची आवृत्ती आणि तिचा परवाना आहे, त्याने प्रणाली बदलण्याच्या फंदात पडू नये. निदान सगळा साठा युनिकोडमध्ये रूपांतरित करून, प्रत्येक जोडाक्षर तपासून होईपर्यंत तरी नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार आणि अर्धा र यांवर ती हमखास चुकतात आणि ते तपासायला माणूसच लागतो.

नव्याने मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स तिन्हींत तयार मिळतो. रोमन अक्षरांतून टंकणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक अंगचाच आहे, आणि लिनक्सवर आयबस नावाच्या साधनातून तशी सोय करता येते. शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्याने मात्र आपल्या क्लासमध्ये जो कळफलक आणि जी प्रणाली आहे तीच घरी ठेवावी, आणि ती बहुधा विंडोजच असते.

तिसरा खुंटा प्रिंटर. कार्यालयांत दहा-पंधरा वर्षे टिकलेले स्वस्त काळे-पांढरे लेझर प्रिंटर पानाची आखणी स्वतः करत नाहीत, ते काम संगणकावरच्या ड्रायव्हरकडून करून घेतात. नव्या मॅकसाठी असा ड्रायव्हर कोणी लिहिलेला नसेल तर चांगला चालणारा प्रिंटर शोभेचा होतो. नेटवर्कवर चालणाऱ्या अलीकडच्या प्रिंटरांना ही अडचण सहसा येत नाही. शेअर दलालांची संगणकावर बसवायची टर्मिनले आणि थ्रीडीएस मॅक्स, रेव्हिट, सॉलिडवर्क्स हे त्रिमितीय आराखड्यांचे प्रोग्रॅम यांनाही विंडोजच लागते. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीशी तंतोतंत सारखी नाही.

उलट दिशेने बांधणारी कामेही आहेत. व्हिडिओ संपादनाचे फायनल कट प्रो आणि ध्वनिसंपादनाचे लॉजिक प्रो या तीन प्रणालींपैकी फक्त मॅकवर चालतात, आणि अंधेरी-गोरेगावच्या ज्या एडिटरचे सहकारी त्या फाइली पाठवतात त्याला मॅकशिवाय गत्यंतर नाही. व्हिडिओ संपादनाचेच दाविंची रिझॉल्व्ह तिन्ही प्रणालींवर चालते. ॲडोबीचे डेस्कटॉप प्रोग्रॅम आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर येत नाहीत.

तर कागद घेऊन, गेल्या वर्षभरात ज्या प्रोग्रॅमवाचून आणि ज्या जोडलेल्या उपकरणावाचून आपले काम थांबले असते त्यांची नावे लिहावीत. ही यादी सहसा चार-पाच ओळींची होते. ब्राउझरमध्ये होणारी कामे त्यात लिहायची नाहीत, कारण बँक, रेल्वेचे आरक्षण, व्हिडिओ कॉल, मुलांच्या शाळेचे पोर्टल हे सर्व कोणत्याही प्रणालीवर चालते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या प्रणालीवर चालते हे त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच तपासून लिहावे. दुकानदाराचे ‘चालेल हो’ हे उत्तर या रकान्यात चालत नाही.

काहीच अडकलेले नसेल तर

यादी कोरी निघाली, म्हणजे काम ब्राउझर, ऑफिस, फोटो आणि थोडेफार व्हिडिओ एवढेच असेल, तर मग पैशांचा हिशेब सुरू होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम४ चिपचा मॅक मिनी या चर्चेचा मापदंड झाला आहे. त्याची बाजू १२.७ सेंटिमीटर आणि उंची ५ सेंटिमीटर आहे, आणि भारतात तो १६ जीबी मेमरी व २५६ जीबी साठवणुकीसह ५९,९०० रुपयांना आला. विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी ही किंमत ४९,९०० रुपये होती. त्या किमतीत एवढा वेगवान आणि एवढा शांत संगणक दुसरा मिळणे कठीण होते, हे विंडोजच्या चाहत्यांनीही मान्य करावे. वीजपुरवठ्याचा भाग आतच असल्यामुळे बाहेर अवजड ॲडॉप्टर लटकत नाही, हा लहान टेबलावर मोठा फायदा आहे. चालू करण्याचे बटण मात्र खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात दिले आहे, म्हणजे डबा उचलून बोट खाली घालावे लागते. कोणाच्या डोक्यातून हे निघाले कोण जाणे. अर्थात मॅक सहसा बंद न करता झोपवून ठेवला जातो, म्हणून त्रास रोजचा नाही.

खरी मेख पुढच्या पायरीवर आहे. बाजारात आला तेव्हा २५६ ऐवजी ५१२ जीबी साठवण घेतली की किंमत ७९,९०० होत असे, आणि त्यावर १६ ऐवजी २४ जीबी मेमरी मागितली की ९९,९००. म्हणजे दर पायरीला वीस हजार. त्यातही मेमरी चिपसोबतच बसवलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही, जी घेतली तीच शेवटपर्यंत. साठवणुकीचे तसे नाही. मागच्या यूएसबी-सी जागेत बाहेरचा एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क, कायमचा लावून फोटो आणि व्हिडिओ त्यावर ठेवता येतात, आणि ते बरेच स्वस्त पडते. म्हणून मॅक मिनी घेणाऱ्याने जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते मेमरीवर घालावेत. घरगुती कामाला १६ जीबी पुष्कळ आहे. जुनी चौकोनी यूएसबीची जागा या यंत्रावर एकही नाही, म्हणजे जुना पेनड्राइव्ह आणि कीबोर्डची तार जोडायला ॲडॉप्टर लागेल. पेनड्राइव्हविषयी आणखी एक: विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने घडवलेली डिस्क मॅकला वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट पद्धतीने घडवून घ्यावी.

विंडोजच्या मिनी पीसींत एकसारखेपणा नाही, आणि त्यातच त्यांची सोय आणि धोका दोन्ही आहेत. बहुतेकांचे खालचे चार स्क्रू काढले की मेमरीच्या पट्ट्या आणि एम.२ प्रकारचा एसएसडी समोर दिसतो. आज ८ जीबीवर भागवून दोन वर्षांनी १६ जीबी करण्याची मुभा राहते. काही नव्या मॉडेलांत मात्र मेमरी मदरबोर्डवरच पक्की केलेली असते, म्हणून पट्टी बदलता येते का हे विचारूनच पैसे द्यावेत. प्रोसेसरच्या बाबतीत इंटेल एन१०० सारखी चिप पत्रे, बिले, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल यांना पुरते आणि वीज अत्यल्प खाते. व्हिडिओ संपादन किंवा मोठे आराखडे तिच्याकडून अपेक्षू नयेत. अनोळखी नावाच्या अतिस्वस्त डब्यांत आलेले विंडोज कोणत्या परवान्यावर आहे हे बहुधा कळत नाही, आणि आत काय काय घालून दिले आहे हेही कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून ते कोऱ्या डिस्कवर नव्याने बसवणे, हे अशा यंत्राच्या बाबतीत पहिल्या दिवसाचे काम समजावे.

विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. तिची दुरुस्ती-किल्ली (रिकव्हरी की) त्या खात्यात साठते. दुकानदाराने स्वतःचे खाते वापरून यंत्र चालू करून दिले असेल, तर ती किल्ली त्याच्याकडे राहते आणि एखाद्या अद्यतनानंतर संगणकाने ती मागितली की मालकाला आपलाच मजकूर उघडता येत नाही. खाते आपले असावे, आणि किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी.

लॅमिंग्टन रोडवरचा जुना डबा

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, कंपन्यांनी भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेले एक लिटरचे डेस्कटॉप विकायला असतात. मर्यादित पैशांत चांगले यंत्र मिळण्याची ही जागा आहे, पण तिथे बोट ठेवून वाचावे लागते. डब्यावरच्या चिठ्ठीत प्रोसेसरचे नाव ‘आय५-६५००टी’ असे असेल तर आडव्या रेघेनंतरचा पहिला अंक पिढी सांगतो: ६ म्हणजे सहावी पिढी, आणि तिला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. ‘आय५-८५००टी’ असेल तर आठवी पिढी, ती चालते. दहावी आणि पुढच्या पिढ्यांचे पहिले दोन अंक पाहावेत. शेवटचा ‘टी’ कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखवतो. विक्रेत्याने कशीतरी युक्ती करून सहाव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ बसवलेले असते, ते त्या दिवशी उत्तम चालते, पण पुढची अद्यतने येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

यंत्र तिथेच चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरावे. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहून गेला असेल तर आत जाता येत नाही, आणि असे यंत्र घेऊ नये. एसएसडीची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर नेऊन चालवला तर ती डिस्क किती तास चालली आहे हे दिसते. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा आणि योग्य वॅटचा असावा, नाहीतर यंत्र चालते पण मंद चालते. जुन्या मॅक मिनीला वेगळ्या दोन कसोट्या आहेत. एक, आधीच्या मालकाचे ॲपल खाते किंवा कंपनीचे दूरनियंत्रण त्यावरून काढलेले आहे का. दोन, तो इंटेलचा आहे का. २०१८ चा इंटेल मॅक मिनी दिसायला देखणा आणि किमतीला आकर्षक असतो, पण २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही आवृत्ती त्यावर बसत नाही, आणि इंटेलच्या मॅकसाठी ती शेवटचीच आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. जुना घ्यायचाच असेल तर २०२० चा एम१ घ्यावा.

लिनक्सची खरी जागाही इथेच आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र घरात असेल किंवा अगदी स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवून ते आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत सुरक्षा अद्यतने मिळतात. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून ते नुसते चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. वायफाय चालते का, प्रिंटर सापडतो का, आवाज येतो का हे अर्ध्या तासात कळते. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणालीही तयार केली आहे. मला लिनक्स आवडते, पण अडल्यावर विचारायला घरात किंवा इमारतीत कोणी नसेल तर वडीलधाऱ्यांच्या टेबलावर ते ठेवण्याआधी दोनदा विचार करावा. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला ते पाहताक्षणी पुसून विंडोज बसवतो. गूगलच्या क्रोमओएस या प्रणालीचे डबेही असतात आणि त्यांना दहा वर्षे अद्यतने मिळतात, पण आपल्या बाजारात ते क्वचितच दिसतात.

वीज, हवा आणि भिंत

जुना कॅबिनेट साधे काम करताना सहज ५०-६० वॅट घेतो. लहान डेस्कटॉप त्याच कामाला १० वॅटच्या आसपास भागवतो, आणि एम४ मॅक मिनी रिकामा असताना त्याहूनही कमी. ५० वॅटची बचत दिवसाला आठ तास धरली तर महिन्याला सुमारे १२ युनिट होतात. बेस्ट, टाटा, अदानी किंवा महावितरण, बिल कोणाचेही येवो, या बचतीतून यंत्राचे पैसे सुटत नाहीत. खरा फायदा यूपीएसवर दिसतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस कॅबिनेट आणि मॉनिटर यांना फाइल साठवण्यापुरता वेळ देतो, तोच यूपीएस बॅटरी धडधाकट असेल तर लहान डब्याला आणि मॉनिटरला कितीतरी जास्त वेळ धरतो. राउटरही त्याच्यावरच लावावा.

मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूंची भोके असतील, तर बरेच मिनी पीसी एका पत्र्याच्या पट्टीने तिथे बसवता येतात आणि टेबल पूर्ण मोकळे होते. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा धातूच्या जोडांना खाते, म्हणून खिडकीच्या रेषेत आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ते ठेवू नयेत. लहान पंख्यावर धूळ लवकर साचते, आणि दिवाळीच्या साफसफाईत डब्याच्या झरोक्यांवरूनही ब्रश फिरवायला हवा. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहण्यापेक्षा पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू राहिलेले बरे, कारण आतल्या उबेने ओल धरत नाही.

खरेदी करताना जीएसटी क्रमांक असलेले आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले बिल घ्यावे. नोंदणीकृत व्यावसायिकाला त्यावरच्या १८ टक्के कराची वजावट मिळू शकते, त्यासाठी बिलावर आपलाही जीएसटी क्रमांक हवा. हमी भारतातली आहे का, आणि बिघडल्यास माणूस घरी येणार की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागणार, हे लेखी घ्यावे. ॲडॉप्टरवर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर तो बहुधा मागच्या दाराने आलेला माल असतो.

नवे यंत्र आले म्हणून जुना कॅबिनेट त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊ नये. कार्यालयात जीएसटी विवरणपत्राचे एक पूर्ण चक्र, म्हणजे टॅलीतून आकडे काढण्यापासून टोकनने सही होईपर्यंतचे सगळे टप्पे, नव्या यंत्रावर पार पडू द्यावेत. घरात निदान एकदा छपाई, एकदा व्हिडिओ कॉल आणि जुन्या फोटोंची पूर्ण नक्कल होऊ द्यावी. त्यानंतर जुन्या यंत्रातली डिस्क काढून यूएसबीच्या पेटीत घालावी आणि उरलेला कॅबिनेट ई-कचरा नेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.